कुंभार्लीत शिंकणारी गाडी

पोफळी मागं टाकली, कुंभार्ली घाटाचा पहिला चढ लागला, तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर आलो आणि ॲक्सिलरेटर दाबला की आमची एफसी शिंकायची. अगदी माणसासारखी. माझ्या डाव्या मांडीशेजारी, इंजिनच्या डब्याखाली फट्! की दोन सेकंद गाडी मरगळायची, मग सावरायची, पुढच्या वळणावर परत फट्! शेजारी बसलेली बायको दरवेळी पाय आखडून घ्यायची आणि एकच वाक्य म्हणायची, "नवा बसवलाय ना कार्बोरेटर?"

नवा नव्हता. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. तो जुनाच, पण नव्यासारखा केलेला. तिथंच सगळी मेख होती, पण ते कळायला पाच महिने गेले.

एफसी म्हणजे महिंद्राची एफसी-150. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. जीपच्या सांगाड्यावर चपट्या तोंडाची केबिन, मागं ट्रकसारखा हौदा. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मधे, पत्र्याच्या डब्याखाली. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीजची, ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरनं आखलेली. तिकडं ती साठच्या दशकातच बंद पडली, आपल्याकडं महिंद्रानं पुढंही बनवली. आमची आजोबांनी 1974 साली सेकंडहँड घेतली. कराडच्या बाजारातून गूळ भरायचा, पाटण, हेळवाक करत घाट उतरून चिपळूणला टाकायचा आणि येताना नारळ, सुकट. माझ्या लहानपणीच्या केबिनचा वास म्हणजे पेट्रोल, गूळ आणि सुकट. यातलं पेट्रोल तेवढं अजून टिकून आहे.

बऱ्याच एफसींत मागाहून डिझेल इंजिनं बसली. आमच्यात अजून मूळचं हरिकेन आहे. चार सिलिंडर, 2199 सीसी. हे इंजिन जरा विचित्र आहे: इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमधे आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमधे. त्यामुळं हेड उंच. याच इंजिनासाठी जीपचं बॉनेट उंच करावं लागलं आणि ती उंच नाकाची सीजे-3बी जन्माला आली. कार्बोरेटर, आमचा सोलेक्स कंपनीचा, थेट हेडच्या डोक्यावर बसतो. एफसीत याचा फायदा असा की डब्याचं झाकण उचललं की ड्रायव्हरच्या सीटवर बसल्याबसल्या कार्बोरेटरला हात लागतो. तोटा असा की मे महिन्यात डाव्या पायाची भाकरी भाजते.

आता मुद्द्याचं. 2024च्या दिवाळीत गाडी स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून, थांबेना. कधी घरघर, कधी एकदम रेस चढायची. थ्रॉटलचा (हवेच्या झडपेचा) दांडा बोटानं हलवून पाहिला तर खुळखुळ्यासारखा वाजला. पन्नास वर्षांत भोक घासून अंडाकृती झालेलं आणि त्यातून फुकटची हवा आत जात होती. अशा वेळी कितीही स्क्रू फिरवा, हवेचं गणित तुमच्या हातात राहत नाही.

सल्ले तीन आले. पहिला, जिप्सीचा दोन नळ्यांचा कार्बोरेटर मधे पट्टी घालून बसव. एका मित्राच्या उघड्या जीपवर तो छान चालतो, मी स्वतः चालवून पाहिलाय. पण आमच्याकडं इंजिनवर डबा आहे. पट्टी, कार्बोरेटर आणि वरचं एअर क्लीनरचं कोपर अशी उंची मोजली तर झाकण बसेना. डबा उंच करायचा म्हणजे पत्रा कापायचा, आणि आजोबांच्या गाडीला कटर लावायची माझी तरी छाती नाही.

दुसरा सल्ला, मोठा इंपोर्टेड वेबर कार्बोरेटर घे, पिकअप बघ काय येतो. इथं मी कागद घेऊन बसलो. हे इंजिन मी 3600 आरपीएमच्या वर कधी नेत नाही, ते बिचारं तिथवरही कुरकुरत जातं. दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढायची, म्हणजे मिनिटाला 1800 वेळा 2.2 लिटर, साधारण 4000 लिटर. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाहीत. पाऊणपट धरले तर 3000 लिटर. एवढ्या हवेला 32 मिलिमीटरचा एकनळी सोलेक्स पुरून उरतो. आणि मला पिकअप नको होता. 1200 आरपीएमला, दुसऱ्या गिअरवर, हौद्यात वजन घेऊन चढायचं होतं. नळी मोठी केली की कमी आरपीएमला तिच्यातून हवा रेंगाळत जाते, हवेची ओढ कमी पडते आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यातून, पेट्रोल धड उचललंच जात नाही. वेबर वाईट नाही, जेट जमवणाऱ्याकडं तो चालतोही. पण गुळाच्या गाडीला शर्यतीचा घोडा कशाला?

तिसरा सल्ला सगळ्यांत सोपा वाटला, म्हणून मी त्यालाच फसलो. ऑनलाइन मिळणारा नवाकोरा सोलेक्ससारखा कार्बोरेटर. खोका उघडला, दिसायला चकाचक. फ्लोट चेंबरमधे ओतकामाचा कचरा तसाच. जेट काढून पाहिला, त्यावर आकडाच नाही. मी तासवडे एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे, आयुष्य पिन गेज आणि मायक्रोमीटरवर चाललंय. दुसऱ्या दिवशी भोकात मापाची पिन घालून पाहिली: 1.17 मिलिमीटर. हा जेट कोणत्या इंजिनासाठी होता ते त्याच्या बनवणाऱ्यालाच ठाऊक. परत पाठवला.

शेवटी जुनाच घेतला. शॉपमधल्या लेथवाल्याला शनिवारी गाठून थ्रॉटलच्या दांड्याचं भोक मोठं केलं, त्यात ब्रॉन्झचे बुश बसवले, दांडा नवा केला. नवं निडल-सीट, ॲक्सिलरेटर पंपाचा नवा डायफ्रॅम, सगळी गॅस्केटं नवी. फ्लोटची पातळी सोलेक्सवर निडल-सीटखालच्या वॉशरच्या जाडीनं ठरते, तेही मापून. आणि पुण्याहून अस्सल नवा मेन जेट आणला, 125 नंबर, म्हणजे 1.25 मिलिमीटरचं भोक, कारण जुन्यावरही 125च कोरलेलं होतं. पिन घातली, बरोब्बर 1.25. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय पाहिजे. जुना जेट फोटोच्या रिळाच्या काळ्या डबीत टाकून दिला.

जानेवारीत गाडी सुरू झाली ती घड्याळासारखी. स्लो इतका निवांत की डब्यावर चहाचा कप ठेवला तर तरंग उठेना. फेब्रुवारीत पहिल्यांदा चिपळूणला गेलो आणि येताना शिंक.

आमचे चाचा, म्हणजे आजोबांपासून ही गाडी पाहणारे मिस्त्री, आता पंचाहत्तरीला आलेत. गॅरेज मुलगा चालवतो, ते बाहेर खुर्ची टाकून बसतात. त्यांच्याकडं नेली. त्यांनी उठायचे कष्ट घेतले नाहीत. खुर्चीतूनच म्हणाले, "रेस दे." दिली. "अजून." दिली. इंजिन खोकल्यासारखं अडकलं.

"इन्स्पेक्टर, गाडी भुकेली हाय तुझी."

"चाचा, जेट नवा आहे, मापून घातलाय."

"मग पोट मोठं झालं आसंल तिचं," म्हणाले आणि पान लावायला लागले.

मला वाटलं थट्टा करताहेत.

मग मी पुस्तकी रस्त्यानं गेलो. कार्बोरेटरला हात लावायच्या आधी बाकी सगळं नीट आहे ना हे बघायचं, हा नियम मला पाठ आहे. टॅपेटची फट तपासली, इनटेक 18 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट 16. डेल्कोचे, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, पॉइंट बदलले. टायमिंग लाइट लावून 5 डिग्री. इंजिनाची ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावला तर काटा सतरा इंचांच्या आसपास, पण किंचित थरथरत. कराड साधारण 1900 फुटांवर आहे आणि दर हजार फुटांना एक इंच कमी धरायचा, म्हणजे आकडा ठीक. थरथर कशाची ते शोधताना वायपरची नळी सापडली. आमच्या गाडीचे वायपर व्हॅक्यूमवर चालतात, म्हणजे चढाला दम लागला की पावसात तेही दमतात. त्या नळीला केसाएवढी चीर. बदलली, काटा दगडासारखा स्थिर झाला. मी खूश. पुढच्या रविवारी कुंभार्लीत परत शिंक.

पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम काढला तर रबर फुगून मऊ पडलेलं, नखानं चरे उठत होते. तोही बदलला. टाकी उतरवून धुतली, फिल्टर टाकला. शिंक तशीच.

एप्रिलमधे एकदा वैतागून घाटातच चोक अर्धा ओढला. एरवी गरम इंजिनात चोक ओढला तर ते गुदमरायला पाहिजे. आमची गाडी उलट मोकळी झाली, पोरासारखी पळत वर गेली. चोकनं सोलेक्समधे वेगळ्या वाटेनं जादा पेट्रोल येतं. म्हणजे चाचा खरं बोलत होते, पेट्रोल कमी पडत होतं. पण का? पंप नवा, पातळी बरोबर, जेट 1.25, आणि याच 125वर ही गाडी पन्नास वर्षं चालली.

मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन महाबळेश्वरला गेलो. सातारा, मेढा, मग केळघरचा घाट. चढ कुंभार्लीपेक्षा सोपा नाही, माणसं सहा. मी शिंकेची वाट बघत कान टवकारून बसलेलो, आणि गाडीनं एकदाही आवाज केला नाही. वर वेण्णा लेकजवळ उभी केली, प्लग काढून पाहिले. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग. असा रंग कराडातसुद्धा आला नव्हता. तिथं प्लग खडूसारखे पांढरे दिसायचे.

रात्रभर हेच डोक्यात. उंचावर हवा विरळ असते. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो आपला आकारमानाच्या हिशेबानं पेट्रोल सोडतो, म्हणून उंचावर मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. साडेतेराशे मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण 88 टक्के. मिश्रणातला फरक घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबानं पडतो, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. लहानपणी आठवतं, महाबळेश्वरात गाडी धूर काढायची, डोळे चुरचुरायचे, आजोबा म्हणायचे "हिला थंडी बाधते." आता तिथंच ती सुखात आहे आणि समुद्राजवळ उपाशी. म्हणजे गाडी तीच, हवा तीच, डोंगर तोच. बदललं असेल तर पेट्रोल.

खाली आल्यावर शॉपच्या लॅबमधून काचेचा मोजपट्टीचा सिलिंडर आणला. 20 मिली पाणी, त्यावर 80 मिली पेट्रोल, झाकण लावून हलवलं आणि खिडकीत ठेवलं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, ते खाली उतरून पाण्यात मिसळतं. दहा मिनिटांत रेघ स्पष्ट झाली. खालचा थर 20चा 36च्या जवळ गेलेला. म्हणजे 80 मिलीत सोळा मिली इथेनॉल, वीस टक्के. पंपावर ई-20 2023 पासून यायला लागलं आणि 2025पर्यंत सगळीकडं तेच झालं, हे पेपरात मीही वाचलं होतं. पण पेपरातली बातमी आणि आपल्या सीटशेजारची शिंक यांचा संबंध जोडायला डोकं लागतं, ते माझं पाच महिने पॉइंट घासण्यात गुंतलेलं.

हिशेब सोपा आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला जळायला 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलमधे मुळातच ऑक्सिजन असल्यानं त्याला नऊच किलो पुरते. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेरा. उलटीकडून वाचलं तर तेवढ्याच हवेला आता आठ-नऊ टक्के जास्त इंधन पाहिजे. नव्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर आणि कॉम्प्युटर हे आपोआप सांभाळतो. आमच्या सोलेक्सला कोण सांगणार? चिपळूणात आठ टक्के कमी. महाबळेश्वरात उंचीचे सहा टक्के परत मिळाले, म्हणून बिस्किटाचा रंग. गंमत म्हणजे आमच्या मळईच्या शेतातला ऊस ज्या कारखान्याला जातो तिथं आता इथेनॉलही बनतं. आमच्याच उसानं आमची गाडी उपाशी ठेवली होती.

तरी एक धागा सुटत होता. ई-20 तर रिपेअरच्या आधीही टाकीत जात होतं. 2024च्या पावसाळ्यात मी चिपळूणला दोनदा गेलो होतो, तेव्हा गाडी शिंकली नव्हती.

रिळाची डबी शोधली. जुना जेट काढला, अंगावर 125 स्पष्ट. 1.25ची पिन घातली, सैल. 1.27, गेली. 1.28, गेली. 1.29 हलकेच सरकली. 1.30 अडली. भिंगाखाली धरला तर आतून बारीक उभे चरे. चरे तारेचे.

चाचांकडं गेलो, जेट हातावर ठेवला. "चाचा, जेट कशानं साफ करायचा?"

"क्लचच्या केबलची तार. एक सुटी करायची नि आत फिरवायची. का?"

"तारेनं जेट घासतो, मोठा होतो. पुस्तकात लिहिलंय, कधीच तार घालू नका."

"मग झाला का मोठा?"

"चार थाऊ..." म्हणायला गेलो आणि थांबलो, चार शतांश मिलिमीटर. जेटमधून जाणारं पेट्रोल व्यासाच्या वर्गात वाढतं, म्हणजे 1.29 जेट हा 1.25पेक्षा साडेसहा टक्के जास्त पेट्रोल सोडतो. चाचांच्या तारेनं कित्येक वर्षांत तो इकडचा तिकडचा करून जवळजवळ ई-20च्या मापावर आणून ठेवला होता. आणि मी, पिन गेज घेऊन, तो काढून कागदावर बरोबर असलेला जेट बसवला होता.

हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, पान थुंकलं आणि मुलाला हाक मारली, "आरं, इन्स्पेक्टरला च्या सांग."

जुना जेट परत घातला नाही. भोक घासलेलं, आत चरे, असं माप आज एक उद्या दुसरं. 130 नंबरचा नवा मागवला. 125 ते 130, वर्ग करून बघा, आठ टक्क्यांच्या किंचित वर. जणू ई-20साठीच काढलेला आकडा. स्लोला पेट्रोल देणारा पायलट जेटही एक नंबर वरचा घेतला, कारण मेन जेट स्लोला कामाचाच नाही. नुसता मेन बदलून स्लो तसाच ठेवणारे लोक मग सिग्नलला गाडी बंद पडली की मेन जेटला शिव्या देतात.

मग ट्यूनिंग. गाडी पूर्ण गरम, दहा किलोमीटर तरी चालवलेली. मिक्स्चरचा स्क्रू बोटानं टेकेपर्यंत आत (आवळायचा नाही, टोक चेपतं), तिथून दोन फेरे बाहेर. स्लोचा स्क्रू सहाशे आरपीएमला. व्हॅक्यूम गेज डॅशबोर्डला टेकवून ठेवला आणि सीटवर बसून मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर. सोलेक्सवर बाहेर म्हणजे पेट्रोल जास्त. काटा चढत गेला, अडीच फेऱ्यांना थांबला, पुढं नेला तर पडायला लागला. जिथं सर्वांत वर होता तिथं परत आणला. आरपीएम वाढले ते स्लोच्या स्क्रूनं खाली, परत मिक्स्चर, परत स्लो. तिसऱ्या वेळेला दोन्ही जमले. कानालाही कळतं: मिश्रण बरोबर आलं की इंजिनचा आवाज आत ओढल्यासारखा गोल होतो.

मेन जेटची परीक्षा स्लोला होत नाही, चढालाच होते. पोफळीपासून वर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन दोन मिनिटं ओढली, मोकळी जागा बघून क्लच दाबला, त्याच क्षणी इग्निशन बंद आणि कडेला. तसंच स्लोवर चालवत नेलं तर प्लगवर स्लोचा रंग चढतो आणि काही समजत नाही. प्लग काढले. चारही बिस्किटाचे, दुसऱ्याचा किंचित गडद, पण दुसरा सिलिंडर आमचा थोडं ऑइल पितोच. शिंक नाही. बायको म्हणाली, "झाली एकदाची."

एक उरलंच. 130 चिपळूणला बरोबर म्हणजे महाबळेश्वरला सहा टक्के जास्त. तिथं आजोबांच्या वेळची "थंडी" परत बाधणार. यावर सोय अशी की सोलेक्सचा मेन जेट फ्लोट चेंबरच्या बुडाशी, बाहेरून निघणाऱ्या बोल्टच्या टोकाला असतो, चेंबर उघडावं लागत नाही. म्हणून 125 काळ्या डबीत घालून गाडीतच ठेवला. मेढ्याला चहाला थांबायचं, इंजिन निवू द्यायचं, डब्याचं झाकण उचलायचं, खाली वाटी धरायची, बोल्ट काढून जेट बदलायचा, वर जायचं. येताना उलट.

गेल्या डिसेंबरात पहिल्यांदा केलं. चहाचे दोन कप होईपर्यंत थांबलो, 130 काढून डबीत टाकला, 125 बोटात धरला आणि मागून कुणीतरी विचारलं, "ही गाडी विकायची का?" मी वळलो. जेट निसटला, ब्लॉकवर एकदा टिंग वाजला आणि गिअरबॉक्सच्या बाजूला कुठंतरी गेला. मुलगा लगेच टूलबॉक्समधलं लांब दांड्याचं चुंबक घेऊन आला आणि पालथा पडून खाली फिरवायला लागला. पाच मिनिटं फिरवल्यावर मला आठवलं की जेट पितळेचा असतो.

130च परत घातला. वेण्णा लेकला पोहोचेपर्यंत सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते.